तळ्याकाठी दोघांचंच लग्न (कोलोरॅडो): परमिट, अक्षता, फोटो आणि घरी सांगणं

यवतेश्वर | १० मार्च २०२४

नमस्कार. इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी डेन्व्हरला असते, मूळची सातारची. जोडीदार सोलापूरचा, जूनपासून तोही इथेच येतोय. या वर्षी लग्न करायचं ठरलंय. गेल्या वर्षी बाबा गेले. हॉल, सहाशे पानं, स्टेजवर तीन तास उभं राहणं हे दोघांनाही नको आहे, आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी मला ते झेपणारही नाही. आईच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख या वर्षात मिळत नाहीये.

म्हणून मनात असं आहे: रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधलं एखादं तळं, आम्ही दोघं, चार मित्रमैत्रिणी, आणि एक चांगला फोटोग्राफर. तारीख २६ सप्टेंबर, कारण तेव्हा अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झालेली असतात. डिसेंबरात साताऱ्याला घरच्या घरी पूजा आणि जेवण.

हे पळून जाऊन लग्न नाही. त्याच्या घरी माहीत आहे. माझ्या आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. लग्न झाल्यावर फोटो घेऊनच सांगावं, म्हणजे आधीचे सहा महिने तिच्या जिवाला घोर नको, असं वाटतंय.

कायदेशीर बाजू काय असते? परमिट लागतं का? आपले विधी किती करता येतात? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रॉकीकर | १० मार्च २०२४

अभिनंदन! फोर्ट कॉलिन्सला बारा वर्षं आहे. दोन मित्रांची लग्नं अशीच लागलेली पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

आधी कायद्याचं, कारण तेच सर्वांत सोपं आहे. कोलोरॅडोत लग्न लावणारा माणूस लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाहीत. दोघांनी काउंटी क्लार्कच्या (म्हणजे आपल्या जिल्हा नोंदणी कचेरीसारख्या) ऑफिसात जायचं, पासपोर्ट दाखवायचे, ३० डॉलर भरायचे, लग्नाचं लायसन्स हातात. इथलं रहिवासी असण्याचीही अट नाही. ते त्याच दिवसापासून लागू होतं, ३५ दिवस चालतं आणि राज्यात कुठेही वापरता येतं. लग्न लागलं की त्यावर तुम्हीच सह्या करायच्या आणि ६३ दिवसांच्या आत ते परत द्यायचं. एस्टेस पार्क गावातही लॅरिमर काउंटीचं ऑफिस आहे, नॅशनल पार्कपासून अगदी जवळ.

आपल्याकडे विशेष विवाह कायद्याने करायचं तर ३० दिवस आधी नोटीस, ती फळ्यावर लागणार, आणि तीन साक्षीदार. ते डोक्यात ठेवून इथल्या काउंटरवर उभं राहिलं की ‘एवढंच?’ असं होतं.

काळीमैना | १० मार्च २०२४

रॉकीकरांनी लिहिलंय ते बरोबर. एक भर घालते, कारण मी त्यात पोळले आहे.

लायसन्सवर नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आणि आडनाव वेगळं असतं. फॉर्म भरताना मी वडिलांचं नाव गाळलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, मी ‘चालेल’ म्हटलं. पुढे भारतातल्या एका ऑफिसात ‘ही तुम्हीच कशावरून?’ इथून सुरुवात झाली. प्रतिज्ञापत्रं, दुरुस्ती, पुन्हा नवी प्रत, आठ महिने गेले.

प्रमाणित प्रती चार-पाच घेऊन ठेवा. त्यातल्या एकीवर कोलोरॅडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी दाखला) करून घ्या, भारतात दाखवायला तीच उपयोगी पडते. अपोस्टिल प्रमाणित प्रतीवरच होतं, घरच्या झेरॉक्सवर होत नाही.

घाटमाथा | ११ मार्च २०२४

आमचं लग्न २०२२ मध्ये याच पार्कात, लिली लेकच्या काठी झालं. परमिट लागतंच, अगदी दोघंच असलात तरी. आम्ही ३०० डॉलर भरले होते. वर्षभर आधीपासून अर्ज घेतात आणि महिन्याला ठराविकच परमिट देतात. सप्टेंबरचे फार लवकर संपतात, तेव्हा आजच अर्ज करा.

समारंभ कुठल्याही तळ्यावर करता येत नाही. त्यांची ठरलेली जागांची यादी आहे, प्रत्येक जागेला माणसांची मर्यादा आहे. फोटोंत सगळे दाखवतात ते बेअर लेक फक्त हिवाळ्याच्या मोसमात मिळतं. सप्टेंबरात तळं हवं तर स्प्रेग लेक किंवा लिली लेक.

माझं मत स्प्रेग. आम्हाला तारीख मिळाली नाही म्हणून लिलीला गेलो. लिलीवरून लाँग्ज पीक दिसतो, सुंदरच आहे, पण रस्ता अगदी शेजारून जातो आणि मंगलाष्टकांत मोटारी ऐकू येतात. स्प्रेगला समोर डोंगरांची अख्खी भिंत आहे, आणि तळ्याभोवतीची वाट इतकी सपाट की चाकाची खुर्चीही जाते. हे तळं मुळात माणसाने केलेलं. अ‍ॅब्नर स्प्रेग नावाच्या लॉजवाल्याने पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून ओढा अडवला होता. आज तिथे उभं राहिलं की पटत नाही.

आता अक्षता. पार्कात तांदूळ, दाणे, फुलांच्या पाकळ्या, काहीही उधळता येत नाही. प्राण्यापक्ष्यांनी ते खाऊ नये, परक्या बिया रुजू नयेत म्हणून. नियम योग्यच आहे, पण आम्हाला तो आदल्या आठवड्यात कळला आणि बायको खूप रडली. होमही नाही, कारण ठरलेल्या शेगड्यांखेरीज उघडा अग्नी चालत नाही. ड्रोनला बंदी आहे. कुत्र्याला वाटेवर नेता येत नाही.

साखरभात | ११ मार्च २०२४

अक्षता उधळायच्या नाहीत तर ताम्हणात घाला. मधे एकाने ताम्हण धरायचं, प्रत्येक ‘सावधान’ला सगळ्यांनी हातातल्या अक्षता त्यात सोडायच्या. शेवटी ते ताम्हण वधूवरांच्या डोक्यावरून ओवाळून पिशवीत बांधायचं. घरी येऊन त्यात मूठभर तांदूळ मिसळून साखरभात करायचा. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात पावसामुळे असंच केलं होतं. एक दाणा खाली पडला नाही आणि सगळ्यांच्या पोटात गेला. अक्षता हळदीच्याच करा, कुंकवाच्या नकोत.

अंतरपाट, हार, मंगळसूत्र, सप्तपदी या कशालाच अडचण दिसत नाही. सप्तपदी अग्नीभोवतीच व्हायला हवी असं मनात असेल तर एस्टेस पार्कला जिथे उतराल तिथे परवानगी विचारून छोटा होम करा. नाहीतर वाटेवर सात पावलं टाका.

पण ताई, २६ सप्टेंबर २०२४ पितृपक्षात येतो. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. तुम्ही मानता की नाही माहीत नाही, पण बाबा गेल्यानंतरचं वर्ष आहे, आई नक्की विचारेल. ३ ऑक्टोबरला घटस्थापना आहे. त्यानंतरचा दिवस बघा.

यवतेश्वर | ११ मार्च २०२४

बापरे. पितृपक्ष लक्षातच आला नाही, मी फक्त झाडांचा रंग बघत होते. साखरभात, तुमचे खरंच आभार. ४ ऑक्टोबर शुक्रवार आहे. पाने तोवर थोडी गळतील, गळू देत.

वाटसरू७ | १२ मार्च २०२४

भटजी नाहीत म्हणून लग्न अपुरं वाटत असेल तर हे ध्यानात ठेवा. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला त्याच वर्षी, १८७३च्या २५ डिसेंबरला, पुण्यात सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई यांचं लग्न पुरोहिताशिवाय लावलं गेलं. सत्यशोधक पद्धतीत वधू आणि वर एकमेकांना शब्द देतात. माझ्या आजीआजोबांचं लग्न याच रीतीने झालं. आजीला तिचा शब्द शेवटपर्यंत पाठ होता.

तुमचे शब्द तुम्ही मराठीतून लिहा आणि मोठ्याने म्हणा.

चिमणचारा | १२ मार्च २०२४

यवतेश्वर, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. नाशिकला असते.

माझ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी परदेशात असंच लग्न केलं. समुद्रावर, सहा जणांत. मुलगी गुणी आहे, आमचा विरोध असण्याचं कारणच नव्हतं. त्यानेही ‘आईला घोर नको’ म्हणूनच आधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करून उठले, चहा टाकला, फोन उघडला, तर फोटो. सून हिरव्या साडीत, माझ्या मुलाच्या गळ्यात हार. चहा उतू गेला, गॅस विझला, मला वास आला तेव्हा कळलं.

मी तिथे नव्हते याचं दुःख नाही गं झालं. विमानाचं तिकीट, व्हिसा, यांचे गुडघे, मला सगळं समजत होतं. पण मुलाचं लग्न लागत होतं त्या वेळी मी काय करत होते, हे मी नंतर आठवून काढलं. मटार सोलत होते. कोणी सांगितलं असतं तर त्या वेळी देवापाशी निरांजन लावून बसले असते. डोक्यावर घालायला दोन अक्षता हातात घेतल्या असत्या. तेवढंसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही, आणि ते आता परत करता येत नाही.

तुझी आई एकटी आहे. तिला घोर लागेल, लागू दे. मुलीच्या लग्नाचा घोर हे आईचं कामच आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस. आणि नुसतं सांगू नकोस, तिला काहीतरी काम दे.

काळीमैना | १२ मार्च २०२४

चिमणचाराकाकू, वाचून गलबलून आलं.

यवतेश्वर | १७ मार्च २०२४

काकू, तुमची पोस्ट मी पाच दिवसांत किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. काल आईला सांगितलं.

ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा असते तर त्यांनाही असंच आवडलं असतं, गर्दी त्यांना कधी सोसली नाही.’ मग रडली, मीही रडले. आणि मग विचारलं, ‘अंतरपाट कोणाचा घेणार?’ मी तो विचारच केला नव्हता. तिच्या लग्नातला अंतरपाट तिने ट्रंकेत जपून ठेवलाय, मला माहीतही नव्हतं. मे महिन्यात मैत्रीण येतेय तिच्याबरोबर पाठवणार आहे. आजी ८४ वर्षांची, ती मंगलाष्टकं म्हणणार.

व्हिडिओ कॉल करता येईल ना तिथून?

रॉकीकर | १७ मार्च २०२४

त्या भरवशावर राहू नका, पार्कात फोनला रेंज जवळजवळ नसतेच. आजींचा आवाज आधी रेकॉर्ड करून फोनमध्ये उतरवून घ्या. आईला भारतातली वेळ अचूक कळवून ठेवा. ४ ऑक्टोबरला सकाळचे साडेसात म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे सात.

तिपाई | १९ मार्च २०२४

मी फोटोग्राफर आहे, मुख्यतः लग्नं. स्प्रेगवर बऱ्याचदा काम केलंय, म्हणून वेळेबद्दल ठामपणे सांगतो: सकाळच.

तळ्याकाठी उभं राहिलं की डोंगर पश्चिमेला येतात. सूर्य तुमच्या पाठीमागून उगवतो आणि सर्वांत आधी शिखरं पेटतात, हॅलेट पीक, फ्लॅटटॉप. दहा-पंधरा मिनिटं ती लालसर असतात, मग ऊन हळूहळू खाली उतरत तळ्यावर येतं. पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून पाण्यात डोंगर जसाच्या तसा दिसतो. नऊनंतर वारा सुटला की गेला. दुपारी सूर्य शिखरांच्या मागे सरकतो, डोंगर काळे आणि आकाश पांढरं. उन्हाळ्यात तर दुपारी विजांचं वादळ ठरलेलंच.

म्हणजे विधी साडेसातला, पण तुमच्या दोघांचे फोटो त्याच्या आधी, शिखरं लाल असताना. मित्रांना त्या वेळी लांब ठेवा.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त महत्त्वाची. डोंगरातल्या लग्नाचे फोटो विझवटलेल्या, तपकिरी रंगछटेत देण्याची इथे फॅशन आहे. त्यासाठी संगणकावर हिरव्या रंगाचा जोर मुद्दाम कमी करतात, म्हणजे पाइनची झाडं गडद, शेवाळी दिसतात. झाडांना ते शोभतं. पण तोच हिशेब हिरव्या चुड्याला लागतो. मागच्या वर्षी एक मराठी जोडपं दुसऱ्याकडून काढलेले फोटो घेऊन माझ्याकडे आलं, काही दुरुस्त होतं का बघायला. चुडा मातकट झालेला, हळदीचे हात आजारी माणसासारखे, आणि दोघांच्या सावळ्या कातडीवर राखेचा थर. मूळ फाइल मिळाल्याशिवाय त्यात फारसं काही करता येत नाही.

म्हणून फोटोग्राफर ठरवताना निवडक वीस फोटो बघू नका. आपल्या वर्णाच्या माणसांच्या एका लग्नाचा सगळा संच मागा. करारात लिहून घ्या की चुडा, कुंकू आणि साडी यांचे रंग खरे राहिले पाहिजेत. आणि पहाटेच्या मंद उजेडात साडीची जर चमकत नाही, ती उन्हात चमकते, तेव्हा काठापदराचे फोटो ऊन आल्यावर काढा.

घाटमाथा | १९ मार्च २०२४

तिपाई, हे दोन वर्षं आधी लिहिलं असतंत तर किती बरं झालं असतं. आमच्या फोटोंत बायकोची पोपटी पैठणी करड्या रंगाची आलीय.

उंचीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डेन्व्हर १६०९ मीटर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईचं शिखर (१६४६). स्प्रेग त्याच्याही हजारेक मीटर वर. भारतातून किंवा समुद्रकाठच्या शहरातून येणाऱ्या मित्रांनी दोन दिवस आधी यावं, भरपूर पाणी प्यावं, आदल्या रात्री दारू नको. आमच्या एका मित्राने डोकं धरून अख्खं लग्न मोटारीत काढलं.

काळीमैना | २० मार्च २०२४

नऊवारीच नेस. काष्टा असला की दगडधोंड्यांतून चालता येतं आणि आतून थर्मल घातलेलं कळत नाही. ऑक्टोबरच्या पहाटे तिथे पाणी गोठायच्या आसपास थंडी असते. पदर खांद्यावर दोन ठिकाणी आणि कमरेला एका ठिकाणी टाच. मुंडावळ्या केसांत पिनांनी पक्क्या कर, वाऱ्याने मोती डोळ्यांवर येतात.

यवतेश्वर | ६ ऑगस्ट २०२४

स्प्रेग लेकचं परमिट मिळालं! अंतरपाट आला. जुना, पांढऱ्याचा पिवळसर झालेला, मधे कुंकवाचं स्वस्तिक. एका कोपऱ्याला आईच्या हातची टीप आहे.

काळजी एकच. लव्हलँडच्या पश्चिमेला पेटलेल्या वणव्याचा धूर डेन्व्हरपर्यंत आला होता. ऑक्टोबरातही असं झालं तर?

रॉकीकर | ६ ऑगस्ट २०२४

तोवर बहुधा निवळतं, पण हाताशी पर्याय असू दे. लायसन्स राज्यात कुठेही चालतं आणि ३५ दिवस चालतं, त्यामुळे तारीख एक-दोन दिवस हलली तरी कागद बिघडत नाही. परमिटची तारीख बदलता येते का, ते त्या ऑफिसला आत्ताच विचारून ठेवा.

आणि स्प्रेगला जाणाऱ्या बेअर लेक रोडवर या वर्षी २० ऑक्टोबरपर्यंत पहाटे ५ ते संध्याकाळी ६ वेळेचं आरक्षण लागतं. पाचच्या आत गेलात तर लागत नाही.

यवतेश्वर | १३ ऑक्टोबर २०२४

झालं लग्न. ज्यांनी ज्यांनी लिहिलंत त्या प्रत्येकाचा त्यात हात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बुधवारी एस्टेस पार्कला लायसन्स घेतलं. नाव पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट. बाबांचं नाव त्या कागदावर आलं. काळीमैना, तुम्ही अडचण टळावी म्हणून सांगितलंत, मला त्यातून वेगळंच मिळालं.

शुक्रवारी पावणेपाचला आम्ही आत होतो. मिट्ट काळोख, डोक्यावर इतक्या चांदण्या की साताऱ्यात लहानपणीसुद्धा पाहिल्या नव्हत्या. मोटारीत बसून थर्मासमधला आल्याचा चहा प्यायलो. दूर कुठेतरी एल्क (इथली मोठी हरणं) ओरडत होते. माजावर आलेल्या नराचा तो आवाज आधी बासरीसारखा वर चढतो आणि मग घोगरा होत तुटतो. दुसरा पलीकडून उत्तर देतो. मी जोडीदाराचा हात धरून ते ऐकत होते.

सातच्या सुमारास शिखरं लाल झाली. तिपाईंनी सांगितलं होतं तरी मी तयार नव्हते. फोटोग्राफर बाईंनी दहा मिनिटं आम्हाला एका शब्दाने काही सांगितलं नाही, नुसतं उभं राहू दिलं. तेच फोटो सर्वांत चांगले येतील असं वाटतं.

मग अंतरपाट. दोन मैत्रिणींनी धरला. ऊन नुकतंच तळ्यावर येत होतं आणि कापड इतकं विरलंय की पलीकडे त्याची सावली दिसत होती. फोनवर आजी सुरू झाली. तिने रेकॉर्ड करताना मधे एकदा खोकून ‘थांब गं, परत म्हणते’ म्हटलंय, ते मी काढू दिलं नव्हतं. प्रत्येक ‘सावधान’ला सहा जणांच्या अक्षता ताम्हणात. पितळेवर तांदूळ पडतानाचा आवाज त्या शांततेत किती स्पष्ट आला! शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली आला तेव्हा तो रडत होता.

सात पावलं वाटेवर टाकली. वाटसरू, शब्द आम्ही स्वतः लिहिले. ते इथे लिहीत नाही, पण मराठीत लिहिले आणि पाठ म्हटले. मग मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या.

परत निघताना पलीकडच्या काठाला एक मूस (एल्कहूनही मोठं हरीण) मादी पाण्यात उतरली. नियमाप्रमाणे १२० फूट लांब राहायचं असतं, आम्ही त्याहून पुष्कळ लांब थांबलो. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत कोणी हललं नाही.

रेंज आली तसा आईला फोन केला. तिने सात वाजता देवापाशी दिवा लावला होता, बाबांच्या फोटोपुढेही. शेजारच्या काकूंना बोलावून दोघींनी अक्षता घातल्या, आमच्या दोघांच्या फोटोवर. आजी तिथेच बसून परत सगळी मंगलाष्टकं म्हणाली. चिमणचाराकाकू, हे तुमच्यामुळे झालं.

साखरभात शनिवारी केला. लवंग जरा जास्त झाली.

चिमणचारा | १३ ऑक्टोबर २०२४

सुखी राहा पोरी. आईला माझा नमस्कार सांग. डिसेंबरात साताऱ्याला पूजा कधी आहे ते कळव, नाशिकहून येईन.

तिपाई | १४ ऑक्टोबर २०२४

मनापासून अभिनंदन. फोटो आले की आधी चुडा बघा.

यवतेश्वर | २३ नोव्हेंबर २०२४

फोटो आले. चुडा हिरवा आहे.

लायसन्स ऑक्टोबरातच परत दिलं होतं, पाच प्रती मिळाल्या, एकीवर अपोस्टिल झालं. काकू, पूजा २२ डिसेंबरला रविवारी आहे. पत्ता आणि आईचा नंबर तुम्हाला निरोपात पाठवलाय. रात्री राहायलाच या, आईने तसं बजावून सांगितलंय.